ओपन स्पेसवर काय करायचं: लॉन, पेव्हर की झाडं?

कॉलनीच्या ओपन स्पेससाठी निधी मंजूर झाला की बैठकीत तीन मतं हमखास निघतात. लॉन आणि कारंजं. पेव्हर ब्लॉक, ओपन जिम आणि रबरी मॅटवर रंगीत घसरगुंड्या. किंवा कडेने झाडं लावून मधलं मैदान मोकळं. तिसऱ्या मताला फारसे हात वर होत नाहीत, कारण उद्घाटनाच्या फोटोत दाखवायला त्यात काही नसतं. माझं मत मात्र तिसऱ्यालाच, थोड्या फेरफारासह.

आधी पाणी बघा. 10 गुंठे म्हणजे साधारण 1000 चौरस मीटर. मराठवाड्याच्या मे महिन्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज 5 लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे रोज 5000 लिटरचा एक टँकर, आठवड्याला 35,000 लिटर. त्याच जागेत कडेने 40 रोपं लावून प्रत्येकाला आठवड्यात 20-20 लिटरच्या दोन पाळ्या दिल्या, तर 1600 लिटरमध्ये भागतं. तेही पहिली दोन-तीन वर्षंच. कडुनिंब-करंजाने एकदा जीव धरला की त्यांचं ते बघतात. लॉनचं पाणी कधीच सुटत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आलं होतं. आपलं 10 गुंठ्यांचं लॉन तेवढं पाणी 100 दिवसांत पिऊन टाकेल. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल याचे दिवस मोजणाऱ्या लोकांनी लॉनला हात वर करावा, याचं मला नवल वाटतं.

लॉन चालतं कुठे? जिथे प्रक्रिया केलेलं सांडपाणी नियमित मिळतं किंवा मे महिन्यातही न आटणारी विहीर आहे, आणि माळ्याच्या पगाराची सोय झाली आहे, तिथे खुशाल करा.

पेव्हरला पाणी नको, चिखल नाही, सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी खूश. ओपन जिमही त्यांच्या उपयोगाची. पण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम-खडीचा थर नीट दाबलेला नसेल, तर दुसऱ्याच पावसाळ्यात ब्लॉक वर-खाली होतात. रबरी मॅट पडणाऱ्या मुलांसाठी चांगली, मात्र पारा 42 वर असताना दुपारी चारला तिच्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. लोखंडी घसरगुंडीचंही तेच. झोक्याखाली पेव्हर तर कधीच नको. तिथे फूटभर वाळू भरा. स्वस्त पडते आणि मूल पडलं तर मार कमी लागतो. फक्त ती अधूनमधून खालीवर करावी लागते, मांजरांनाही ती आवडते.

आता तिसऱ्या पर्यायातल्या उणिवा. जुलैत चिखल, मार्चपासून धूळ. आणि मोकळं मैदान दिसलं की मोठी पोरं क्रिकेट मांडतात; मग लहान मुलं आणि मुली कडेला उभ्या. म्हणून फेरफार: साधारण तिसरा हिस्सा जाळी लावून लहानांसाठी राखा, झोका-घसरगुंडी तिथेच. झाडं पश्चिम आणि दक्षिण बाजूला दाट लावा, वर्षातले बहुतेक महिने दुपारचं ऊन तिकडूनच येतं. करंजाची सावली धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर झोक्यांवर शेडनेट ताणा. गुलमोहर टाळा, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. सप्तपर्णीच्या फुलांचा ऑक्टोबरातला वास ज्यांना सोसत नाही, त्यांची घरं कुठे आहेत तेही आधी विचारा.

एकच मोठं उद्यान सजवावं की गल्लोगल्लीच्या छोट्या जागा? शहरातलं मोठं सिद्धार्थ उद्यान रविवारसाठी ठीक आहे. सहा वर्षांचं मूल रोज संध्याकाळी जालना रोड ओलांडून खेळायला जात नाही. छोट्या जागाच आधी. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकून वसलेल्या, बऱ्याच वस्त्यांत तर ओपन स्पेसच सोडलेली नाही. तिथे महापालिकेच्या शाळेचं पटांगण संध्याकाळी उघडं ठेवणं हाच जवळचा मार्ग.

कोणताही पर्याय घ्या, अंदाजपत्रकात तीन वर्षांची देखभाल वेगळी लिहून घ्या: रोपांचं पाणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं, झोक्याच्या साखळ्या आणि बेअरिंग, दिवे. खड्डे मे महिन्यात खोदून शेणखत भरून ठेवा आणि लागवड पहिल्या दमदार पावसानंतर करा.