बारशाचा नावफलक: कटिंग चोख, अर्थ पोकळ

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका लेझर कटिंगवाल्याकडचा हा फलक आहे 14 इंच लांब. मागे फळी नाही. नुसती 5 मिमी एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीतून) कापलेली अक्षरं फुलांच्या कमानीवर बांधायची, आणि खाली दोन कड्यांना 'नावाचा अर्थ' सांगणारी ॲक्रिलिकची पट्टी लोंबते. नाव 'मॅडिसन'. 'राधा' काय, कोणीही कापून देईल. आडनावाच्या वळणाचं परदेशी नाव आलं की कारागिराचा कस लागतो.

देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना लागलेली असतात. फाइलमध्ये ती 'वेल्ड' केली नाहीत, म्हणजे जोडून एकच आकार केली नाहीत, तर मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि हातात सुटे तुकडे येतात. इथे वेल्ड नीट आहे. खरी मेख 'मॅ'वरच्या चंद्रात. बऱ्याच फॉन्टमध्ये तो शिरोरेषेला टेकतच नाही, त्यामुळे कापला की गळून ट्रेमध्ये पडतो. मग तो वेगळा चिकटवायचा, आणि बारशाच्या गर्दीत कुणाचा तरी पदर लागून निघायचा. या दुकानाने चंद्राचा तळ शिरोरेषेत किंचित बुडवलाय, तेही त्याचा आकार न बिघडवता. शाब्बास. 'डि'च्या वेलांटीची कमान मात्र टोकाला जेमतेम 2 मिमी उरली आहे. 4 मिमीपेक्षा बारीक गेली की पहिल्या धक्क्यात तुकडा उडतो, म्हणून फॉन्ट जाडच मागा. 'मॅकेंझी' असेल तर अनुस्वाराच्या टिंबालाही पूल, म्हणजे अक्षराला जोडणारी बारीक पट्टी, ठेवायला सांगा. 'ॲशली' असेल तर जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' हे अक्षरच नसतं, त्याच्या जागी चौकोन येतो. कापण्याआधी फाइलचा फोटो मागवून अक्षर न् अक्षर तपासा. युनिकोडमधलं (मोबाइलवर टाइप होतं तसं) नाव जुन्या फॉन्टवर चालत नाही म्हणून दुकानदार ते पुन्हा टाइप करतो, आणि 'मेडिसन' तिथेच जन्माला येते.

आता ती पट्टी. तिच्यावर छापलंय, 'मॅडिसन: देवाची देणगी'. हे बरोबर नाही, आणि चूक कुठून आली तेही दिसतं. मॅडिसन हे मुळात इंग्लंडमधलं मध्ययुगीन आडनाव. शेवटचं 'सन' म्हणजे मुलगा. आधीचा भाग मॉड या बाईच्या लाडक्या नावाचा, म्हणजे मॉडचा मुलगा. काहींच्या मते तो मॅथ्यूचा. मॅथ्यूचा मूळ हिब्रू अर्थ 'देवाची देणगी', तेवढाच उचलला, 'मुलगा' गिळला आणि पट्टी तयार. मुलीच्या पाळण्यावर 'अमक्याचा मुलगा' लिहायला जीभ रेटत नाही हे समजू शकतं, पण मग काहीच लिहू नये.

मुलीचं नाव म्हणून ते आलं तेही वाकड्या वाटेने. अमेरिकेचे चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन, त्यांच्या आडनावावरून न्यूयॉर्कचा मॅडिसन ॲव्हेन्यू, आणि 1984च्या 'स्प्लॅश' चित्रपटातली जलपरी रस्त्याच्या पाटीवरून ते नाव घेते. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत मुलींना ते सर्रास ठेवलं जाऊ लागलं आणि 2001मध्ये ते मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होतं. सांगलीकरांना यात नवल वाटायला नको. वानलेसवाडी ही आख्खी वस्तीच एका डॉक्टरांच्या आडनावावर उभी आहे. फक्त आपण अजून कुणा मुलीचं नाव वानलेस ठेवलेलं नाही.

या जातीची बाकीची नावंही तपासून घ्यावीत. टेलर म्हणजे शिंपी. हार्पर म्हणजे हार्प वाजवणारा. मॅकेंझीतलं 'मॅक' पुन्हा मुलगाच. गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, मुलीच्या आडनावाला 'निक' लागतं, 'मॅक' नाही. ॲशली म्हणजे ॲश झाडांच्या रानातली मोकळी जागा, म्हणजे गावाचं नाव, पुढे तिथल्या माणसांचं आडनाव, अगदी आपल्या तासगावकरांसारखं. यातलं कुठलंही 'राजकन्या' किंवा 'चांदणी' नाही, आणि दुकानाच्या यादीत मात्र निम्म्या नावांपुढे तेच आहे.

फलकाची ऑर्डर देण्याआधी जन्मदाखल्यावरचं नाव ठरवा. दाखल्यात बाळाचं नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 मे 2024पासून जन्मलेल्यांचं नाव बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. घोळ इथेच होतो. 'मॅडिसन' वाचून टाइप करणारा ते आडनावाच्या रकान्यात टाकतो आणि खरं आडनाव मधेच लटकतं. छापण्याआधी मसुदा वाचूनच सही करा. इंग्रजीत एक डी की दोन, तेही तिथेच पक्कं करा. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

फलकाबद्दल दोन तक्रारी राहतात. कडेची काजळी पुसलेली नाही, पांढऱ्या झबल्याला लगेच लागते. कोरड्या फडक्याने पुसून लॅकरचा एक हात द्यावा लागला. आणि सोबत दिलेली दुहेरी टेप फेकून द्या. पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतं, टेप सुटते आणि खाली बाळ असतं. शिरोरेषेला दोन्ही टोकांना भोकं पाडून घ्या, नायलॉनच्या दोरीने बांधा. आत्याबाईंचं कुर्रर्र आटोपेपर्यंत तरी हलायला नको.

किंमत 450 रुपये. पट्टी नको म्हटलं तर 370.