सातवा मजला, तळमजला की रो-हाउस? कुत्रा-मांजर असलेल्या घरासाठी

आमच्या घरात माणसं चार, एक नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर ब्रुनो आणि दोन मांजरं. पुण्यात घर घ्यायचं ठरलं तेव्हा बजेटात बसणारी तीन घरं समोर होती: कोथरूडच्या जुन्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट, बावधनच्या नव्या टॉवरमधला सातवा मजला आणि तळेगावच्या बाजूला एक रो-हाउस. दोन-तीन चकरा मारल्यावर कळलं, की ‘पाळीव प्राण्यांसाठी चांगलं घर’ असं काही एक नसतं. कुत्र्यासाठी दारापासून मातीपर्यंतची वाट बघावी लागते. मांजरासाठी प्रत्येक खिडकी, गॅलरी आणि डक्ट, म्हणजे इमारतीतली पाइपांची उभी पोकळी.

आधी कुत्र्याचं. दिवसातून तीनदा खाली न्यायचं म्हटलं तर वर्षाला हजारावर फेऱ्या होतात. सातव्या मजल्यावरून प्रत्येक फेरीला लिफ्टची वाट बघायची, आणि पिल्लू असेल तर तेवढा धीर त्याला नसतो. म्हणून लिफ्ट किती आहेत आणि वीज गेल्यावर त्या जनरेटरवर चालतात का, हे आधी विचारा. गृहकर्ज वीस वर्षांचं असतं, लॅब्रॅडॉरचं आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचं. म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू याच घरात म्हातारं होणार. त्या हिशेबाने लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला लिफ्टवाल्या सातव्यापेक्षा वाईट. तीस किलोचा, कंबर धरलेला कुत्रा जिन्यातून उचलून नेणं किती अवघड असतं, ते मी शेजाऱ्यांकडे बघितलंय.

आणि फरशी. याकडे आमचं लक्ष ब्रुनोनेच वेधलं. टॉवरमधल्या त्या फ्लॅटमध्ये आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या. दारातून आत आला, चार पावलं टाकली आणि मागचे पाय दोन्ही बाजूंना फाकले. नखं खरखरली, कसाबसा सावरला आणि पायपुसण्यावर जाऊन बसला, तो उठेचना. कमरेच्या सांध्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला असं रोज घसरणं फार महागात पडतं. टाइल्स बसायच्या असतील तर मॅट फिनिश मागून घ्या. बसलेल्या असतील तर रबरी पाठीच्या मॅट अंथराव्या लागतील.

मांजरांच्या बाबतीत गणित उलटं होतं. वरचा मजला त्यांना आवडतो: ऊन, कबुतरं, बसायला उंच जागा, खालच्या बोक्यांशी मारामारी नाही. धोका एकच, पण जीवघेणा. 1987 साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातली सुमारे 90 टक्के जगली. हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात, ते चूक आहे. तो फक्त दवाखान्यापर्यंत पोचलेल्या मांजरांचा आहे, जागच्या जागी गेलेली त्यात मोजलेलीच नाहीत. म्हणून वरचा मजला घ्यायचा तर जाळीचा खर्च घराच्या किमतीतच धरा. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण कडा घट्ट हव्यात. डासांची फायबरची जाळी नखांनी फाटते. बारीक तारांची इनव्हिजिबल ग्रिल दिसायला छान, पण दोन तारांतलं अंतर टेपने मोजा. जिथून मांजराचं डोकं जातं, तिथून बहुतेक वेळा मांजरही जातं. बाथरूमची डक्टकडे उघडणारी काचपट्ट्यांची खिडकी विसरू नका. आमच्या भाड्याच्या घरी मनी एका निसटलेल्या पट्टीतून डक्टमध्ये उतरली होती, ती अख्खी रात्र पाइपांमागून ओरडत होती.

तळमजल्यावर दार उघडलं की अंगण, म्हाताऱ्या कुत्र्याला याहून सुख नाही. पण पावसाळ्यात ओल, गोचीड, पिसवा आणि सोसायटीने उंदरांसाठी ठेवलेलं विष, हेही दाराशीच असतं. नदीकाठ असेल तर पूररेषा तपासाच. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते पुणेकर विसरलेले नाहीत.

रो-हाउस बघून आम्ही सगळे हरखलो होतो. नंतर शांतपणे विचार केला. आम्ही दोघं सकाळी शहरात नोकरीला जाणार, मुलं शाळा-कॉलेजात. अंगण मोठं, पण कुत्रा दहा तास एकटा. कुत्र्याला अंगणापेक्षा माणूस लागतो. रात्री-अपरात्री उघडा दवाखाना जवळ नाही. शिवाय जुन्नर-आंबेगावसारख्या भागात किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला घर घेत असाल तर रात्री कुत्रा बाहेर बांधायचा नाहीच. बिबट्या कुत्र्यासाठी वस्तीत येतो.

नियमांचं थोडक्यात: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण भांडून राहण्यात कुणालाच सुख नाही. टोकन देण्याआधी संध्याकाळी सातला गेटवर उभे राहा आणि वॉचमनला विचारा, “काका, इथे कुत्री किती?” त्याने हसून नावं सांगायला सुरुवात केली तर निम्मी काळजी मिटते.

नुसती मांजरं असती तर मी डोळे मिटून सातवा मजला घेतला असता. पिल्लू असतं आणि घरी दिवसभर कुणी असतं तर कदाचित रो-हाउस. आमचा ब्रुनो नऊ वर्षांचा, म्हणून कोथरूडचा तळमजला घेतला. मागच्या अंगणात जुनी शहाबादी फरशी आहे. दाखवायला नेलं त्या दिवशी तो न घसरता सरळ तिथवर चालत गेला आणि थंडगार फरशीवर पोट टेकून पडला. किल्ली मिळाल्यावर सामान यायच्या आधी सुताराला बोलावलं आणि बाथरूमच्या खिडकीला स्टीलची जाळी ठोकून घेतली.