रिमोट डेस्कटॉप, वायरगार्ड आणि सहा महिन्यांनी बदलणारं सर्टिफिकेट: वापरानंतरचा अनुभव

आरडीपी (दूरच्या विंडोज मशीनचा पडदा आपल्या मशीनवरून चालवायची सोय) कसं वापरायचं, विंडोजची होम आवृत्ती बाहेरून जोडू का देत नाही, वायरगार्ड (दोन मशीनमध्ये सुरक्षित खाजगी वाट, म्हणजे टनेल, बनवणारा व्हीपीएन) कसं टाकायचं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मला लिहायचंय ते एका इशाऱ्याच्या चौकटीबद्दल. 'समोरच्या कॉम्प्युटरची ओळख पटत नाही, तरीही जोडायचं का?' अशा अर्थाची ती चौकट आरडीपी वापरणाऱ्या प्रत्येकानं पाहिली आहे, आणि बहुतेकांनी न वाचताच 'हो' दाबून पुढे ढकलली आहे.

मी बाहेरून लॅपटॉपनं घरच्या डेस्कटॉपला जोडतो. पहिल्या दिवशी डेस्कटॉपवरच्या सर्टिफिकेटचा (मशीनच्या ओळखपत्राचा) थम्बप्रिंट, म्हणजे त्याचा ठसा, लॅपटॉपवर दिसणाऱ्या थम्बप्रिंटशी ताडून पाहिला, 'पुन्हा विचारू नका'वर टिक केली आणि त्यानंतर कित्येक महिने चौकट दिसली नाही. मग साधारण अर्ध्या वर्षानं, बाहेरच्या वायफायवर, काम अंगावर आलेलं असताना ती पुन्हा आली. मजकूर तोच, रंग तोच. पहिल्यांदा भेटणाऱ्या मशीनसाठी जे दिसतं, तेच ओळखीच्या मशीनचं सर्टिफिकेट बदललं तरी दिसतं. 'काल इथे वेगळं सर्टिफिकेट होतं, आज वेगळं आहे' एवढं एक वाक्य तिथे नाही. माझा सगळा राग या एका न लिहिलेल्या वाक्यावर आहे.

मी 'हो' दाबलं नाही. घरी धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, माझ्या मशीनसमोर बस आणि सर्टएलएम, म्हणजे सर्टिफिकेटांची यादी, उघड. रिमोट डेस्कटॉप नावाचं फोल्डर दिसेल." त्यानं शोधलं आणि म्हणाला, "दादा, एकच सर्टिफिकेट आहे, पण तारीख परवाची आहे." तिथेच उलगडा झाला. मग त्यानं थम्बप्रिंटची ४० अक्षरं एकेक करून वाचली, मी इकडे ताडली, तंतोतंत जुळली, आणि मगच जोडलं.

झालं होतं ते असं. डोमेनमध्ये (ऑफिसनं एकत्र सांभाळलेल्या मशीनच्या गटात) नसलेलं विंडोज मशीन आरडीपीसाठी स्वतःच स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट बनवतं. त्याची मुदत सुमारे सहा महिन्यांची. मुदत संपली की विंडोज गुपचूप नवं बनवतं. आपण टिक केलेली असते ती जुन्या सर्टिफिकेटच्या हॅशसाठी (म्हणजे त्याच ठशासाठी), लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) साठवलेल्या. नवा हॅश जुळत नाही, म्हणून चौकट परत येते. म्हणजे काहीही गडबड नसताना वर्षातून दोनदा हा इशारा येणार, आणि खरंच कुणी दोन मशीनच्या मधे बसून खोटं मशीन पुढे केलं तरी हाच इशारा येणार. दोन्ही वेळा दिसायला एकच. माणसाला न वाचता 'हो' दाबायची सवय लावायची असेल तर याहून चांगली व्यवस्था करता येणार नाही. ऑफिसच्या डोमेनमध्ये कर्बेरॉस नावाची यंत्रणा ओळख पटवून देते, म्हणून तिथल्या लोकांना हा त्रास बहुधा कळतच नाही. घरचे, छोट्या कार्यालयातले, चार-पाच मशीनवाले आपण मात्र याच चौकटीच्या भरवशावर.

एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) वापरणाऱ्यांना फरक लगेच कळेल. तिथे होस्ट की (मशीनची ओळख पटवणारी किल्ली) आपोआप बदलत नाही, आणि बदलली तर ठळक अक्षरांत सांगितलं जातं की या मशीनची ओळख बदलली आहे, कुणी मधे बसलेलं असू शकतं. नुसतं एंटर दाबून पुढे जाता येत नाही, जुनी नोंद हातानं काढावी लागते. तेवढा अडसर आरडीपीत हवा होता.

आता 'एनएलए (पडदा उघडण्याआधीच लॉगिन तपासणारी सोय) चालू आहे ना, मग काय घाबरायचं' असं कुणी म्हणेल. एनएलए चालू हवंच, त्यात वाद नाही. २०१९च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भगदाड उघडं पडलं तेव्हा लॉगिन न करताच जुनी मशीन ताब्यात घेता येत होती, आणि प्रकरण इतकं गंभीर होतं की केव्हाच निवृत्त झालेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. ज्यांच्याकडे एनएलए चालू होतं त्यांना निदान हल्लेखोराकडे खरं खातं असल्याशिवाय धोका नव्हता. पण खोट्या मशीनशी जोडलं गेलात तर एनएलएमध्येही पासवर्डपासून तयार झालेलं उत्तर समोरच्याच्या हाती पडतं. पासवर्ड थेट जात नाही, पण ते उत्तर घेऊन तो निवांत बसून अंदाज लावू शकतो. पासवर्ड छोटा असेल तर फार वेळ लागत नाही.

थोडं मागे जातो, कारण ही चौकट माझ्यासाठी एवढी महत्त्वाची का झाली ते रचनेवरून कळेल.

मला दरमहा पैसे भरायचे नव्हते. रिमोटच्या तयार सेवा आहेत, चांगल्याही आहेत, पण माझं मशीन माझं, इंटरनेटचं बिल मी भरतो, मग स्वतःच्याच स्क्रीनसाठी वर्गणी कशाला, हे माझं सरळ मत. इंटरनेट देणाऱ्या कंपनीनं मात्र सीजीनॅटमागे ठेवलेलं. राउटरवरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या पट्ट्यातला असेल तर समजायचं की तो पत्ता तुमचा नाही, अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली जोडणी राउटरनं आतल्या मशीनकडे पाठवण्याचा) काही उपयोग नाही. वेगळा आयपी हवा तर दरमहा जादा आकार. मी नकार दिला आणि आयपीव्ही६ची (प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता देणाऱ्या नव्या पद्धतीची) मागणी लावून धरली. ते लाइनवर आधीपासून होतं, पण राउटरच्या फायरवॉलमध्ये आत येण्याची परवानगी देणारं पान कंपनीनं स्वतःच्या अ‍ॅडमिन खात्यामागे दडवलेलं. दर वेळी नवा माणूस फोनवर, दर वेळी 'राउटर बंद करून चालू करा'. एकानं तर डेस्कटॉप सरळ डीएमझेडमध्ये टाका, सगळे पोर्ट उघडे होतील, असं सुचवलं.

हा सल्ला कुणी दिला तर कृपया मानू नका. ३३८९ (आरडीपीचा पोर्ट) उघडा दिसला की बॉट थोड्याच वेळात दारात उभे राहतात. पोर्टचा आकडा बदलूनही सुटका नाही, कारण स्कॅन करणारे आकडा बघत नाहीत, पलीकडून उत्तर कोणत्या भाषेत येतं ते बघतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉगमधला ४६२५ क्रमांक बघायची सवय लावा. फसलेली लॉगिनं तिथे दिसतात. एनएलए असेल तर त्यांचा लॉगऑन प्रकार १० (रिमोट डेस्कटॉप) नसून ३ (नेटवर्क) दिसतो, त्यामुळे फक्त १० शोधणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं.

शेवटी लेखी तक्रारीनंतर ते पान उघडलं. आता घरात एक छोटा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर कायम चालू असतो, त्यावर वायरगार्ड, बाहेरून फक्त त्याचा ५१८२० यूडीपी पोर्ट उघडा. वायरगार्डची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची शांतता. ओळखीची की नसलेल्यानं काहीही पाठवलं तरी ते उत्तर देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. पण हीच शांतता जोडणी बिघडली की अंगावर येते. की चुकली, पत्ता चुकला, फायरवॉल आडवी आली, तिन्ही वेळा लक्षण एकच: काहीच होत नाही. शिवाय पत्त्याऐवजी नाव दिलं असेल तर ते नाव टनेल सुरू होताना एकदाच विचारलं जातं. घरचा पत्ता बदलला की टनेल जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. मी लॅपटॉपवर टनेल बंद करून पुन्हा चालू करतो. लिनक्सवाल्यांसाठी याची तयार स्क्रिप्ट वायरगार्डबरोबरच मिळते. ज्यांच्याकडे आयपीव्ही६ नाही त्यांनी टेलस्केल (वायरगार्डवरच उभी असलेली तयार सेवा) बघावं, सीजीनॅटमधून वाट काढण्यात ते तरबेज आहे. फक्त तिथल्या कीची मुदत मुळात १८० दिवसांची असते, हे लांब जाण्याआधी लक्षात ठेवा.

पहिले काही महिने माझं ठाम मत होतं की एकदा टनेल आला की आरडीपीच्या सर्टिफिकेटची चिंता करण्याचं कारण नाही. टनेलनं दोन्ही टोकांची ओळख पब्लिक कीनं पटवलेलीच असते. वायरगार्ड थेट डेस्कटॉपवरच असेल तर हे मत मी आजही देईन: चौकट आली तरी तिथे धोका जवळपास नाही. पण माझा टनेल डेस्कटॉपवर संपत नाही, बोर्डावर संपतो. कारण डेस्कटॉप झोपलेला असतो, वीज वाया घालवायची नाही म्हणून. त्याला उठवणारं वेक-ऑन-लॅनचं पॅकेट घरच्या नेटवर्कमध्ये ब्रॉडकास्ट व्हावं लागतं, आणि ते पाठवायला आत कुणीतरी जागं हवं. म्हणजे बोर्ड हवाच. आणि बोर्ड ते डेस्कटॉप हा शेवटचा टप्पा घरच्या साध्या नेटवर्कवरून जातो, जिथे टीव्ही आहे, कॅमेरा आहे, पाहुण्यांचे फोन आहेत आणि कंपनीच्या ताब्यातला तो राउटरही आहे. त्या टप्प्यावर समोरचं मशीन खरंच माझं आहे का हे सांगणारं फक्त सर्टिफिकेट उरतं. भावाशी झालेल्या त्या फोननंतर मत बदललं ते याच विचारानं.

मग स्वतःचं छोटं प्रमाणन केंद्र (सर्टिफिकेटांवर सही करणारं) केलं. मूळ की बनवली, ती पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवली, तिनं डेस्कटॉपच्या नावाचं सर्टिफिकेट सही केलं, आणि मूळ सर्टिफिकेट लॅपटॉपच्या विश्वासू यादीत घातलं. सर्टिफिकेटमध्ये सर्व्हर ऑथेंटिकेशनचा उद्देश असायला हवा, आणि त्याच्या खाजगी कीवर नेटवर्क सर्व्हिस या खात्याला वाचायची परवानगी द्यावी लागते. ही परवानगी राहिली की वापर होत नाही आणि कारणही धड कळत नाही. थम्बप्रिंट आरडीपीला चिकटवायचं काम पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीतून) होतं. जुन्या लेखांत दिलेली डब्ल्यूएमआयसी कमांड नव्या विंडोज ११मध्ये मुळात बसवलेली नसते. जोडताना आयपी टाकायचा नाही, सर्टिफिकेटवरचंच नाव टाकायचं, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून चौकट पुन्हा हजर.

आणि यातला सगळ्यात मोलाचा भाग: रिमोट डेस्कटॉपच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ओळख पटली नाही तर काय करायचं हे निवडता येतं. मुळात तिथे 'इशारा द्या' असतं. ते 'जोडू नका' करा. आरडीपी फाइल हातानं लिहीत असाल तर ऑथेंटिकेशन लेव्हल १. आता माझ्याकडे चौकट येतच नाही. ओळख पटली तर पडदा उघडतो, नाही पटली तर दार बंद, आणि घाईत 'हो' दाबायचा प्रश्नच उरत नाही. एवढी चांगली सोय असताना ती चौथ्या-पाचव्या टॅबमध्ये का पडून राहावी, हे मला खरोखर खटकतं.

बाकीचं थोडक्यात. लॉगिन होऊन काळा पडदा आला आणि तिथेच अडकलं तर आधी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. वायरगार्ड १४२० धरतं, पण पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडल्या जाणाऱ्या ब्रॉडबँड लाइनवर) आणि काही मोबाइल नेटवर्कवर तेवढी जागा नसते. मी लॅपटॉपवर १२८० ठेवलं आणि काळा पडदा गेला. घरचं आणि बाहेरचं नेटवर्क दोन्ही १९२.१६८.१चं असेल तर पॅकेट कुठे जातील याचा भरवसा नाही, म्हणून घरचा पट्टा आधीच बदलून घ्या. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ३३८९चा नियम फक्त बोर्डाच्या पत्त्यापुरता आवळा. माझा बोर्ड टनेलमधलं सगळं स्वतःच्या पत्त्यानं पुढे पाठवतो, म्हणून एवढंच पुरतं. पिननं आरडीपी लॉगिन होत नाही, पासवर्डच लागतो, तेव्हा रिमोटसाठी वेगळं, अ‍ॅडमिन नसलेलं खातं उघडून लांब पासवर्ड द्या. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर पूर्ण बंद केलेलं मशीन बऱ्याचदा पॅकेटला उठत नाही. मी ते बंद करून मशीन स्लीपमध्येच ठेवतो. ड्राइव्ह शेअरिंग बंद ठेवलं आहे, क्लिपबोर्ड मात्र लागतो.

लॅपटॉप हरवला तर काय, हे आधी ठरवून ठेवा. माझ्याकडे बोर्डावरच्या वायरगार्डच्या फाइलमधून त्या लॅपटॉपची पब्लिक की काढून वायरगार्ड पुन्हा सुरू करणं आणि डेस्कटॉपवरचं रिमोट खातं बंद करणं, एवढी दोन कामं आहेत. पहिलं आधी करायचं, कारण त्यानंतर लॅपटॉप घरापर्यंत पोचतच नाही. दोन्ही कामांच्या पायऱ्या कागदावर लिहून भावाकडे दिल्या आहेत, कारण तसा प्रसंग आला तर माझ्या हातात बोर्डापर्यंत पोचायला काही नसेल.