रत्नागिरीत सॅक्सोफोनची दुरुस्ती : समोर बसवून काम करणारे कारागीर

कोकणात हौसेने सॅक्सोफोन वाजवणारे बहुतेक जण वाद्य बिघडले की ते मुंबईला पाठवतात. लग्नाच्या बँडची वाद्ये दुरुस्त करत हात बसलेल्या रत्नागिरीतील एका कारागिरांकडे मी यंदा पावसाळा सरल्यावर माझा ऑल्टो सॅक्सोफोन दिला. त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ते गिऱ्हाइकाला समोर बसवून दुरुस्ती करतात आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देतात.

माझी तक्रार अशी होती की सर्वांत खालचे स्वर उमटतच नव्हते. कितीही फुंकले तरी नुसती घरघर ऐकू येई. त्यांनी खोलीतला दिवा मालवला, वाद्याच्या नळीत एलईडीची बारीक पट्टी सोडली आणि एकेक की (भोक झाकणारी कळ) हलकेच दाबून पाहिली, तेव्हा प्रकाशाची रेघ दिसली ती वरच्या भागातल्या एका पॅडखाली. खालचा स्वर निघायचा तर वरची भोकेही हवाबंद मिटावी लागतात, म्हणून गळती वर असली तरी तक्रार खाली जाणवते, हे त्या एका रेघेने मला पुरते समजले. पॅड म्हणजे पातळ कातडे चढवलेली फेल्टची चकती. ती कीच्या वाटीत लाखेने बसवलेली असते. त्यांनी वाटीला मागून जरा ऊब दिली, लाख मऊ होताच पॅड केसभर सरकवले आणि भोकाच्या काठाचा ठसा कातड्यावर सगळीकडे सारखा उमटेपर्यंत की दाबून धरली. मग पातळ कागदाची पट्टी पॅडखाली चहूबाजूंनी ओढून पकड तपासली. इतकी चिकाटी मी फार थोड्या दुरुस्तीवाल्यांकडे पाहिली आहे.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत आधी गंजतात त्या सुईसारख्या पोलादी स्प्रिंगा. त्यांवर तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब पुरतो, पण तेल पॅडला मात्र लागू द्यायचे नाही. अ‍ॅडॉल्फ साक्स यांनी 1846 मध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य पितळेचे असले तरी रीडवर, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीवर, वाजते आणि स्वर भोके मिटून-उघडून बदलतात, त्यामुळे त्याचे आरोग्य चकाकीपेक्षा पॅडवर अवलंबून असते. भांडी घासायच्या पावडरीने तर वरचे लॅकरच (धातूवरचा संरक्षक थर) निघून जाते. “वाजवून झालं की रीड काढा, नळी आतून पुसा, मगच केस (वाद्याची पेटी) बंद करा,” हे त्यांनी मला दोनदा बजावले.

उणीव वेळेची आहे. पॅड बाहेरून मागवावी लागतात आणि लग्नसराईत बँडवाल्यांच्या कामाला पहिला मान मिळतो, त्यामुळे हौशी वादकाला थांबावे लागते. मजुरी मला वाजवी वाटली. वाद्य केससकट न्यावे. ते केसचे अस्तर ओलसर आहे का, हेही पाहतात.