घरी बसवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा : पोलोवरचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या फोक्सवॅगन पोलोच्या चारही मूळ स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी गाडी 30 मिलिमीटरने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घरच्या पार्किंगमध्येच बसवल्या. त्यानंतर या गाडीने पुण्यातला उन्हाळा, एक अख्खा पावसाळा आणि कोकणाच्या काही फेऱ्या पाहिल्या आहेत. खाली बसलेली गाडी देखणी दिसते, यात वाद नाही. मात्र चालवताना जो फरक जाणवतो त्याचे बरेचसे श्रेय ताठर स्प्रिंगला आणि तिला साथ देणाऱ्या शॉकअपला द्यावे लागते; कमी झालेली उंची हा बहुतांशी त्या फरकासाठी मोजलेला दाम आहे. हा हिशेब आधी न मांडता केवळ चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट बुजवण्यासाठी जे स्प्रिंगा घेतात, त्यांची पहिल्या पावसाळ्यातच निराशा होते.

खरेदीपूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भारतात विकली गेलेली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा मुळातच उंच होती. इथले रस्ते लक्षात घेऊन कंपनीने ती तशी ठेवली होती. बाजारात मिळणाऱ्या नावाजलेल्या स्प्रिंगा मात्र बहुधा युरोपातल्या गाडीसाठी बनवलेल्या असतात आणि खोक्यावरचा 30 हा आकडाही त्याच गाडीच्या उंचीपासून मोजलेला असतो. त्यामुळे आपल्याकडची गाडी सांगितल्यापेक्षा जास्त खाली जाते. माझ्या गाडीत ही घट पुढे 41 आणि मागे 36 मिलिमीटर भरली. हे माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे, म्हणजे टायरमधली हवा आणि टायरची झीज यांचा त्यात घोळ होत नाही. या फरकामुळेच, 40 मिलिमीटरचा संच घेण्याचा मोह होत असेल तर आपल्या रस्त्यांवर तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागचे काम सोपे आहे. पोलोच्या मागच्या ॲक्सलला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी पोलादी तुळई, असतो आणि त्यात स्प्रिंग व शॉकअप एकमेकांपासून वेगळे असतात. गाडी मजबूत जॅकस्टँडवर घ्यायची, बीमखाली जॅकचा आधार द्यायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट सोडवायचे आणि ब्रेकचे होज व एबीएसची तार ताणली जात नाही ना, याकडे लक्ष ठेवत बीम हळूहळू खाली सोडायचा. स्प्रिंग हाताने बाहेर येते. नवी बसवताना तिचे टोक रबरी सीटच्या खाचेत नेमके टेकले पाहिजे. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या बाजूने काही आठवडे खड्ड्यात ‘टक्’ असा आवाज येत होता. त्याचे मूळ जुन्या, दबून कडक झालेल्या रबरी सीटमध्ये निघाले. हे रबर स्वस्तात मिळते, तेव्हा ते त्याच वेळी बदलावे.

पुढचे काम वेगळ्या जातीचे आहे. इथे मॅकफर्सन स्ट्रट असल्यामुळे स्प्रिंग शॉकअपभोवतीच दाबून बसवलेली असते आणि ती सोडवण्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. वरचा नट सोडताना स्प्रिंगमध्ये साठलेला दाब एखाद्याचा हात किंवा जबडा मोडण्यास पुरेसा असतो, त्यामुळे भाड्याने आणलेला, आटे झिजलेला कॉम्प्रेसर हातात धरूच नये. माझा आग्रह असा की, साधने नसतील तर स्ट्रट घरी उतरवावा, रिक्षात घालून ओळखीच्या गॅरेजमध्ये न्यावा आणि भिंतीला बसवलेल्या कॉम्प्रेसरवर स्प्रिंग बदलून आणावी. त्यात कमीपणा काहीच नाही. मी दोन हुकांचा चांगला कॉम्प्रेसर वापरला. दोन्ही हुक समोरासमोर लावून प्रत्येक बाजू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेल्यास स्प्रिंग वाकडी होत नाही. नवी स्प्रिंग मुळात आखूड असल्याने ती बसवताना फारसे दाबावेच लागत नाही. तरीही चाक पूर्ण लोंबत असताना ती सीटवर थोड्या दाबाने टेकलेली राहिली पाहिजे. ती सैल खुळखुळत असेल तर त्या गाडीला आखूड दांड्याचे शॉकअप लागतात.

स्ट्रट नकलमधून (चाक ज्यावर बसते त्या भागातून) बाहेर काढणे हा फोक्सवॅगनच्या गाड्यांमधला खास छळ आहे. तो तिथे चिमट्यासारख्या पकडीत बसलेला असतो आणि ती पकड फाकवण्यासाठी लंबगोल टोकाचे एक छोटे हत्यार मिळते. ते खाचेत घालून काटकोनात फिरवले की पकड सैल होते. अनेक ठिकाणी त्याऐवजी छिन्नी आणि हातोडी चालवतात, ते मला मान्य नाही. स्ट्रट खोललेलाच असतो, तर वरचे माउंट (स्ट्रटची वरची रबरी बैठक) आणि बेअरिंगही नवे घालावे. नाहीतर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग अडखळत फिरते, आवाज करते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

जोडणी करताना दोन गोष्टींकडे घरी काम करणारे हमखास दुर्लक्ष करतात. पहिली गोष्ट अशी की, यातले काही बोल्ट टॉर्क दिल्यानंतर, म्हणजे ठरावीक जोराने आवळल्यानंतर, पुन्हा ठरावीक अंशात फिरवून ताणायचे असतात आणि ते एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असतात. ते नवेच घ्यावेत. दुसरी गोष्ट मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टची आहे. त्या ठिकाणी रबरी बुश असतो. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पक्का आवळला, तर गाडी खाली टेकताच तो रबर कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून बीम जॅकने उचलून गाडीचे वजन त्यावर घ्यावे आणि मगच शेवटचा टॉर्क द्यावा. यानंतर व्हील अलाइनमेंट करावेच लागते, कारण स्ट्रट खाली बसला की टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता ती आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण, बिघडतो. पोलोत पुढच्या चाकांचा टो जुळवता येतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) मात्र सहजासहजी बदलता येत नाही. मी स्प्रिंगा बसल्यावर लगेच एकदा आणि त्या पूर्ण स्थिरावल्यावर पुन्हा एकदा अलाइनमेंट केले, त्यामुळे पुढच्या टायरांच्या आतल्या कडा आजही शाबूत आहेत. हेडलाइटचा झोतही भिंतीवर खूण करून नव्याने लावावा.

आता चालवण्याविषयी. द्रुतगती मार्गावर लेन बदलताना गाडी पूर्वी आधी कलायची आणि मग वळायची. आता स्टिअरिंगबरोबरच वळते. जोरात ब्रेक मारल्यावर नाक खाली जाण्याचे प्रमाण कमी झाले आहे. खंबाटकीच्या वळणांवर मागच्या सीटवरची माणसे पूर्वीइतकी एका बाजूला झुकत नाहीत. स्प्रिंगा प्रोग्रेसिव्ह आहेत, म्हणजे दाब वाढला की जवळजवळ असलेले वेढे एकमेकांना टेकून निकामी होतात आणि उरलेली स्प्रिंग जास्त ताठर बनते; त्यामुळे लहानसहान उंचवटे त्या बऱ्यापैकी गिळतात. सिमेंटच्या रस्त्याचे सांधे मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट मोजता येतात. आई पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा ‘पाटावर बसल्यासारखं वाटतंय रे’ एवढेच म्हणाली. उतरताना तिला आता दाराचा आधार घ्यावा लागतो, आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर ही बाब किरकोळ समजू नये.

शॉकअपच्या बाबतीत थोडे खोलात जाणे भाग आहे. साध्या मोटारीचे शरीर स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा डोलते. स्प्रिंग 30 टक्क्यांनी ताठर केली, तर हा वेग वर्गमुळाच्या हिशेबाने 14 टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि त्याच शॉकअपची त्या डोलण्यावरची पकड तेवढ्या प्रमाणात ढिली पडते. नव्या शॉकअपला हा बोजा पेलतो. जुना, अर्धा थकलेला शॉकअप असेल, तर पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी एकदा बसून थांबत नाही, पुन्हा एकदा डोलते. माझ्या गाडीचे पुढचे शॉकअप मी त्याच वेळी बदलले होते, मागचे ठीक वाटले म्हणून ठेवले होते. पावसाळ्याच्या अखेरीस तेही बदलले आणि गाडी खऱ्या अर्थाने आवरल्यासारखी वाटू लागली. त्यामुळे अंदाजपत्रक मांडताना त्यात चार शॉकअप धरावेत.

गाडी आणखी खाली नेली म्हणजे ती आणखी चांगली वळेल, हा समज चुकीचा आहे. मॅकफर्सन रचनेत खालचा आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) आडव्या रेषेच्या पलीकडे झुकला, की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जाते, दोन्हींमधले अंतर वाढते आणि शरीराला कलवणारा जोर उलट वाढतो. त्यात स्प्रिंगचा प्रवास इतका कमी उरतो की, गाडी सतत बंपस्टॉपवरच (प्रवास संपतो तिथल्या रबरी ठोकळ्यावरच) आपटत राहते.

शहरात मात्र रोज तडजोड करावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, आणि असा गतिरोधक ही गाडी सहज ओलांडते. पण गल्लीबोळात हौसेने बांधलेले, उंच आणि अरुंद उंचवटे मानकाला विचारून बांधलेले नसतात. तिथे गाडी तिरकी घ्यावी लागते आणि मागे चार माणसांचा भरणा असेल तर एखाद-दोघांना उतरवावेही लागते. आमच्या सोसायटीच्या तळघराचा उतार जिथे सुरू होतो, तिथे पुढच्या बंपरची खालची कड खरवडली गेली आहे. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा ही खरी परीक्षा असते: मूळ स्प्रिंगवर जिथे ‘धप्’ व्हायचे तिथे आता बंपस्टॉपचा कडक आघात थेट मणक्यापर्यंत पोहोचतो. ताम्हिणीत भर पावसात दिसेल त्या पाण्याला खड्डाच समजून मी वेग अर्ध्यावर आणत असे.

कायद्याची बाजूही तपासावी. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. स्प्रिंग बदलल्याची नोंद नोंदणीपत्रात कुठे होत नाही, हे खरे असले तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहतो, तेव्हा हा प्रश्न निघू शकतो. मी विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली आहे.

महिन्यातून चार वेळा महामार्गावर जाणाऱ्या आणि बहुधा दोघेच बसणाऱ्या माणसाला मी 25 ते 30 मिलिमीटरचा संच, चार चांगले शॉकअप आणि नवी माउंट असा खर्च सुचवेन. रोज पाच जण घेऊन उपनगरातल्या रस्त्यांवरून फिरणाऱ्याने मूळ स्प्रिंगा ठेवून फक्त शॉकअप चांगले घालावेत. निम्म्याहून अधिक फायदा त्यालाही मिळेल. काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नयेत. त्यांना तेलाचा हात लावून, पुढच्या-मागच्या अशा चिठ्ठ्या बांधून माळ्यावर ठेवाव्यात, कारण गाडी विकताना बहुतेक ग्राहक पहिली चौकशी त्यांचीच करतो.