वीतभर नीलगिरी आणि तामियाचा वॉश

अण्णा, म्हणजे माझे वडील, 1971 मध्ये माझगाव डॉकला रंगकामात हेल्पर म्हणून लागले तेव्हा नीलगिरी ही युद्धनौका बांधणीच्या शेवटच्या टप्प्यात होती. जून 1972 मध्ये ती नौदलात दाखल झाली. ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर आपल्याकडे बांधलेल्या सहा फ्रिगेटींतली ही पहिली. नीलगिरीचं प्लास्टिक मॉडेलचं किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून एअरफिक्स कंपनीचं जुनं 1:600 मापाचं एचएमएस लिअँडर घेतलं आणि अण्णांच्या पंचाहत्तरीला तेच नीलगिरी करून द्यायचं ठरवलं. जेमतेम वीतभर जहाज. बाजूवर नीलगिरीचा क्रमांक एफ 33 हाताने लिहिला, करडा रंग मारला, आणि जहाज खेळण्यासारखं दिसायला लागलं. सगळं एकसारखं, सपाट. इथे वॉश लागतो, म्हणजे खाचाकोपऱ्यांत उतरून उठाव देणारा पातळ रंग.

मी वापरला तो तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा पॅनेल लाइन ॲक्सेंट कलर. 40 मिलीची काचेची चौकोनी बाटली, झाकणालाच ब्रश. आत पातळ केलेला एनॅमल रंग असतो. कोपऱ्यात टेकवला की तो कडेकडेने आपोआप धावतो आणि खाचेत जाऊन बसतो. पहिल्यांदा ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या, भिंतीशी ब्रश टेकवला आणि रेघ दरवाजाच्या चौकटीभोवती फिरून परत आली, तेव्हा मी हातातलं काम ठेवून नुसती बघत बसले. तोवर न दिसलेले दरवाजे, झडपा, दोरखंड बांधायचे खुंट एकेक करून वर आले.

रंग निवडताना थांबा. काळा घेऊ नका, निदान करड्या युद्धनौकेसाठी तरी नाही. फिकट करड्यावर काळी रेघ शाईने आखल्यासारखी दिसते. मी बाजूंना गडद करडा आणि नांगराच्या भोकाशी गडद तपकिरी वापरला. झाकणाचा ब्रश रणगाड्यांना आणि मोठ्या मापाच्या कामाला छान आहे. 1:600 ला मी तीन शून्यांचा बारीक ब्रश घेतला आणि बाटलीतला रंग आधी झाकणात काढून त्यात बुडवला. बाटली वापरण्यापूर्वी चांगली हलवा, रंग तळाशी बसलेला असतो.

आता खरं महत्त्वाचं. वॉशच्या खाली ग्लॉस, म्हणजे चकचकीत थर, हवाच. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, रंगावर थेट लावला तर तो रंगात शोषला जातो आणि सगळा भाग मळकट होतो. मग कितीही पुसा, डाग जात नाही. मी तामियाचंच एक्स-22 क्लिअर मारलं, पण ॲक्रिलिकमधलं, कारण एनॅमलच्या थिनरने ते विरघळत नाही. याच क्रमांकाचं एनॅमलही मिळतं, ते घेतलं तर वॉश पुसताना तेही विरघळेल. पुसायचं एक्स-20 या एनॅमलच्या थिनरने, आणि इथे डोळे उघडे ठेवून बाटली उचला: शेजारीच एक्स-20ए असते. ती ॲक्रिलिकची. त्या एका अक्षरापायी खालचा करडा रंगच कापसाला लागून येईल. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. डोलकाठीचा एक तुकडा अजून रंगवलेला नव्हता आणि मी घाईत त्यावरही वॉश सोडला. उघड्या प्लास्टिकमध्ये एनॅमलचं थिनर मुरतं, आणि जिथे तुकडा ताणून बसवलेला असतो तिथे तडा जातो. सकाळी काठी मोडून पडली होती. तारेची नवी करावी लागली, त्यात दोन रविवार गेले.

वॉश लावून वीसेक मिनिटांनी कॉटन बड थिनरमध्ये भिजवायचा, टिश्यूवर टिपून जवळपास कोरडा करायचा आणि बाजूवर वरून खाली ओढायचा. आडवा नाही. पाणी जसं उतरतं तसाच हात उतरला पाहिजे. पावसाळ्यात मात्र हे सगळं सावकाश. आमच्या डोंबिवलीत जुलैमध्ये मी वॉश दोन दिवस वाळू दिला, आणि शेवटचं मॅट क्लिअर मारायला उघडिपीची वाट पाहिली. दमट हवेत ते पांढरं पडतं.

मॅट मारण्यापूर्वी अण्णांना दाखवलं. मी दोन्ही बाजूंना तपकिरी ओघळ छान सोडले होते, असं मला वाटत होतं. अण्णांनी चष्मा वर करून जहाज नाकाशी धरलं.

"हा ओघळ कशाचा?"

"गंजाचा, अण्णा."

"गंज असा कुठूनही येतो होय? वर भोक पाहिजे. पाणी निघायचं भोक, नाहीतर नांगराची साखळी घासते ती जागा. आणि युद्धनौका आहे बाळा, मालवाहू बोट नाही. गंज दिसला की पोरं चिपिंग हातोडी घेऊन लटकलीच."

मग मी पट्टी घेऊन हिशेब केला. माझा ओघळ 1 मिलिमीटर रुंद होता. 1:600 मध्ये तो होतो 60 सेंटिमीटर. दरवाजाएवढा रुंद गंज, वर भोक नसताना!

या वॉशला माझे पूर्ण गुण आहेत ते इथे. तो लावून दोन दिवस झाले होते. एक्स-20 मध्ये बड बुडवून हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवला आणि ओघळ निघून गेले, खालचा करडा रंग जसाच्या तसा. ॲक्रिलिक वॉश एवढा वाळल्यावर असा निघाला नसता. नांगराशी राहिला तो केसाएवढा तपकिरी आणि पाण्याच्या रेषेवरच्या काळ्या पट्ट्याच्या वर किंचित करडा मळ. डेकवर पाणी साचतं तिथे थोडा जास्त ठेवला, तोही अण्णा बोट दाखवतील तिथेच.

गेल्या वर्षी बाटली पाचशेच्या घरात पडली. निम्म्याहून जास्त अजून शिल्लक आहे, पुढची दोन जहाजं तरी निघतील. थिनर वेगळं घ्यावं लागतं, तो खर्च धरा.

नीलगिरी आता टीव्हीशेजारी आहे. डाव्या नांगराखालचा ओघळ अजून थोडा कमी कर, असं अण्णा काल म्हणाले. पण त्यावर मॅट बसलाय.