फुंकायला नकार दिला: कबूल करायचं की लढायचं?
पलासियाला नाकाबंदीत दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला नकार दिला आणि केस झाली, तर इंदूरच्या कोर्टात दोन वाटा.

कबुली दिली की विषय बहुधा लवकर मिटतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 (दारू पिऊन गाडी चालवणे) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढे पुन्हा सापडलात तर 15,000 दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

लढायचं तर त्याच कायद्याचं कलम 205 आडवं येतं: वाजवी कारण दाखवलं नाही, तर नकार तुमच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. दम्याची जुनी फाइल, इनहेलरची बिलं असतील तर जरूर लढा. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरकडून आणलेलं सर्टिफिकेट मात्र सरकारी वकील सहज उडवतो (आणि असेच लोक जास्त तावातावाने भांडतात!). अटक झाली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली का, ती वेळ वकिलाला कागदांवर बघायला सांगा.